मुंबईची गाडी जाणार का?

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. सातारा स्टँडवर कंट्रोलर म्हणून माझी रात्रपाळी होती. कँटीनच्या टीव्हीवर कटकची इंग्लंडविरुद्धची मॅच चालू होती. तेवढ्यात कुणीतरी चॅनल बदललं. ‘मुंबईत गोळीबार, गँगवॉरचा संशय.’ “लावा मॅच परत,” असं ओरडणाऱ्यांत मीही होतो, आता लपवून काय करू.

अकराच्या सुमारास खिडकीशी गर्दी झाली. सगळ्यांचा प्रश्न एकच, मुंबईची गाडी जाणार का? सीएसटी, ताज, कामा हॉस्पिटल अशी एकेक नावं कानावर येत होती. वरून मात्र काहीच निरोप नाही. ड्रायव्हर म्हणाला, “नेऊ का साहेब?” म्हटलं, “पनवेलपर्यंत तर जा, तिथं विचारून पुढं काय ते बघ.” दुसरं सुचलंच नाही. गाडीत बसलेल्यांपैकी निम्मे खाली उतरले आणि रजेवर आलेला एक पोलीस शिपाई, पिशवी खांद्याला लावून, न बोलावता चढला.

जावळीकडची एक म्हातारी तेवढी खिडकी सोडेना. चंचीतून तिनं घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेला मोबाइल नंबर, शेवटचा आकडा पुसट. “पोरगं मार्केटात हमाल हाय, तेवढं लावून द्या सायेब.” १ आहे की ७, कळेना. माझ्या मोबाइलवरून दोन्ही फिरवून बघितले. लाइनी जाम. रेंज होती, पण फोन लागत नव्हता. साडेबारानंतर ७ वाला लागला. पोरगं वाशीला गाळ्यावर झोपलेलं. म्हातारीनं आधी त्याला शिव्या घातल्या, मग फोन माझ्या हातात देऊन फलाटावर फतकल मारून बसली.

साधारण त्याच वेळी गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात नुसती काठी घेऊन कसाबसमोर उभे राहिले होते. गोळ्या लागत असताना त्यांनी बंदुकीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. ते जावळीतल्या केडंब्याचे, हेही नंतरच.

मेढा-केळघरच्या गाड्या मी वर्षानुवर्षं माइकवर पुकारत आलोय. केडंब्याचं नाव तोंडात कधी आलं नव्हतं.

त्या आठवड्यात खिडकीशी कॅमेरेवाले, पुण्याकडची अनोळखी माणसं येऊन विचारायची, “केडंब्याला गाडी कुठून?”

“फलाटावर मेढा लागलीय बघा. तिथून पुढं विचारा.”