नव्या एसएसडीवरचा आळ

डबा म्हणजे मावसभावाच्या, आमच्या दादाच्या, कृषी केंद्रातून निवृत्त झालेला जुना कॉम्प्युटर. एच६१ चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), आय३-३२२० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि धापा टाकणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क. कॅबिनेट उघडलं तर आत कापसाचे तंतू. दुकानाच्या मागेच जिनिंग आहे. ब्लोअर मारून ते साफ केलं. बेत असा की ही डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह, लावायची आणि तिच्यावर विंडोज १० नि लिनक्स मिंट ही दुसरी, मोफत सिस्टिम शेजारीशेजारी बसवायची. विंडोज एवढ्यासाठीच की दादाचे जुने हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते दुसरीकडे उघडत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्या बाजूला इंटरनेट द्यायचं नाही हे आधीच ठरलं. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि आडवाटेने घुसवायची मला हौस नाही.

जुनी डिस्क आधी

मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालतो तो) स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ते, पाहिले. ५ नंबर, म्हणजे खराब सेक्टरच्या जागी दुसरे दिल्याची मोजणी, शून्यावर नाही. १९७, म्हणजे वाचता येईनात म्हणून रांगेत थांबलेले सेक्टर, तेही शून्यावर नाहीत. अशा डिस्कवरून नेहमीसारखं कॉपी-पेस्ट करू नये. एका खराब जागी ती अडकून बसते आणि तेवढ्यात आणखी झिजते. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्रॅम लावला. ते आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अवघड भाग मागे ठेवतं, आणि कुठवर आलं याची मॅप फाइल ठेवतं. मध्येच लाइट गेली तरी परत तिथूनच सुरू. आमच्याकडे मे महिन्यात ही सोय चैनीची नाही, गरजेची आहे. हिशेबाच्या फायली पूर्ण आल्या.

तिथेच १९९ नंबरही वाढलेला दिसला. तो आकडा तेवढा टिपून ठेवला.

एसएसडी

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून ५०० जीबीची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची केबल-पद्धत) एसएसडी आणली. विंडोज ती ४६५ दाखवतं. कोणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराने भागते आणि विंडोज १०२४ ने. एच६१ वरचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे पाकिटावर छापलेला ५०० च्या पुढचा वेग इथे मिळणारच नाही. २७०-२८० एमबी प्रति सेकंद आले तरी भरून पावलो म्हणायचं. तरीही जुन्या बोर्डात एसएसडी टाकण्यासारखी दुसरी दुरुस्ती नाही या मतावर मी ठाम आहे. रोजच्या कामात मोठ्या फायली कमीच वाचल्या जातात. विखुरलेल्या बारक्या फायलींसाठी हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत असतं, तो वेळ वाचतो.

पहिली कुरबूर लगेच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एसएसडी कधी दिसे, कधी गायब. फोनवर मित्राचा निकाल तयार होता: "परत कर, डुप्लिकेट माल आहे." इथे टिपून ठेवलेला १९९ नंबर कामी आला. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजतो, आणि त्या बहुतेक वेळा केबलच्या असतात. एसएसडीवरचा हाच आकडाही वाढत चालला होता. दोन वेगळ्या ड्राइव्ह, एकच दुखणं, आणि दोन्हींना एकच जुनी, क्लिप नसलेली, सैल बसणारी साटा केबल. केबल बदलली. आकडा शून्यावर येत नाही, तो येतच नसतो. पण वाढायचा थांबला.

विंडोज अडून बसलं

विंडोजचा पेनड्राइव्ह रूफस या प्रोग्रॅमने बनवला. इन्स्टॉलर सुरू झाला, डिस्क दिसली, आणि खाली ओळ: या डिस्कवर विंडोज बसवता येणार नाही, डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टिमवर जीपीटी लागते. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग कसे पाडलेत याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. दुकानदाराने एसएसडी तपासून देताना ती एमबीआर करून दिली होती, त्यात वावगं काही नाही.

नव्या लोकांसाठी इथे जरा थांबतो. या बोर्डाच्या बूट मेन्यूत (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणारी यादी) एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा आधी 'यूईएफआय' लागून. यूईएफआय किंवा नुसतं ईएफआय म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत. ज्या दारातून आत शिराल त्यावर इन्स्टॉलर काय मागणार ते ठरतं. यूईएफआयने शिरलात तर जीपीटी हवी, जुन्या बायोस पद्धतीने शिरलात तर एमबीआर. उलट केलंत की तोच संदेश शब्द फिरवून येतो आणि माणूस ड्राइव्हला शिव्या देतो. आपण कुठल्या दारातून आलो हे मिंटमध्ये पाहायचं तर 'सिस' फोल्डरातल्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचं फोल्डर आहे का बघायचं. असलं तर यूईएफआय.

मी यूईएफआय-जीपीटीच धरलं. शिफ्ट आणि एफ१० दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, एकेक आज्ञा दिली: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, आकार बघून सिलेक्ट, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन विचारत बसत नाही, सगळं पुसतं. म्हणून त्याआधी जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवलेली. वायर काढण्याचं दुसरंही कारण आहे. दोन डिस्क लावलेल्या असल्या तर विंडोज कधी कधी स्वतः नव्या डिस्कवर बसतं आणि बूटच्या फायली जुनीवर ठेवतं. मग जुनी काढली की नवी आंधळी.

पुढचं सरळ. विंडोजला निम्मी जागा, उरलेल्यात मिंट. लायसन्सची काळजी नव्हती, डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं, ड्राइव्हशी नाही. एकदाच इंटरनेट दिलं, सक्रिय झालं, काढून घेतलं.

निळा स्क्रीन

रात्री दोन्ही सिस्टिमी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. सकाळी विंडोज उघडायला गेलो तर निळा स्क्रीन, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मिंट मात्र मजेत सुरू. परत सगळे एसएसडीच्या मागे लागले. दादाचा फोन आलाच, "काय रे भो, चालू व्हयना का डबा?"

मिंट चालतं म्हणजे ड्राइव्ह वाचली जाते आहे, एवढं तर उघड होतं. बायोस उघडलं. साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते, मी एएचसीआय या नव्या पद्धतीवर ठेवलेला, तो आयडीई या जुन्या पद्धतीवर गेलेला. या बोर्डाचा मूळ पर्याय तोच. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला घेतं, मोड बदलला की त्याला स्वतःची डिस्क सापडत नाही. लिनक्सकडे दोन्ही ड्रायव्हर तयार असतात, त्याला फरक पडला नाही. परत एएचसीआय केलं, विंडोज उघडलं. पण मोड आपोआप बदलला कसा?

घड्याळाने सांगितलं, तेही जरा घोळ घालून. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तासांनी चुकायची, तिकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. तो फरक वेगळा: विंडोज बोर्डाचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स जागतिक वेळेचं, आणि आपण साडेपाच तास पुढे. मिंटला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की ते मिटतं. पण बायोसमध्ये त्या सकाळी तारीख कित्येक वर्षं मागची होती. साडेपाच तास समजू शकतो, वर्षं नाही.

बोर्डाचं घड्याळ नि सेटिंग जपणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल काढून मल्टिमीटर लावला. ३ व्होल्ट हवेत, २.४ भरले. भिंतीतून वीज मिळते तोवर एसएमपीएस (डब्यातला पॉवर सप्लाय) बोर्डाला थोडा करंट देत राहतो, डबा बंद असला तरी. तेव्हा सेल मेला असला तरी सेटिंग टिकतात. लाइट गेली, किंवा झोपताना खटका बंद केला, की सगळं मूळपदावर. दुकानात इन्व्हर्टर होता आणि तिथे कॉम्प्युटरचा खटका कोणी बंद करत नसे, म्हणून दादाला हे दुखणं कधी जाणवलंच नाही. माझ्या घरी इन्व्हर्टर नाही.

नवा सेल टाकला, एएचसीआय, तारीख, बूटचा क्रम परत लावला. मुद्दाम खटका बंद करून जेवायला गेलो. आल्यावर तारीख जागेवर, दोन्ही सिस्टिमी उघडतात.

आजची स्थिती: मिंटमध्ये वाचण्याचा वेग २७० च्या आसपास. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं, दादाने जुनी उधारी बघून लगेच दोघांना फोन लावले. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने दोन्हीकडे चालू. राहिलंय ते प्रोसेसरच्या पंख्याचं. दुपारी घरात बसवत नाही एवढं तापतं तेव्हा तो विमानासारखा ओरडतो. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असणार. हीटसिंक काढेन तेव्हा आधीचं आणि नंतरचं तापमान दोन्ही लिहितो.