सई, साई आणि सही

परवा कुरिअरवाल्याचा फोन आला. "साई सर बोलताय का?"

म्हटलं, "बोलतेय."

पलीकडे शांतता. मग सावरून म्हणाला, "मॅडम, जरा सरांना द्या ना फोन."

त्याचा तरी काय दोष? रोमन लिपीतल्या तीन अक्षरांत शिर्डीचे साई आणि मी दाटीवाटीने राहतो. मराठीत एका कान्याने सुटणारा प्रश्न, पण तो काना तिथे दाखवणार कसा? कामासाठी हैदराबादला गेले तर माझ्या नावाआधी 'मिस्टर' छापून तयार होतं. तिकडे साई नावाचे मुलगे गल्लोगल्ली.

नाव ठेवलं आजीने. आईला चार अक्षरी, भारदस्त काहीतरी हवं होतं. पण आजी जात्यावरच्या ओव्यांत वाढलेली. त्यांतल्या बायका सासरचा जाच, माहेरची ओढ, सगळं 'सये' म्हणून कुणाला तरी सांगत असतात. सई म्हणजे ती ऐकणारी, मैत्रीण. संस्कृतातली सखी प्राकृतात 'सही' झाली. ख चा ह करायची प्राकृताला खोडच. 'लिख्'चं लिहिणं झालं तेही असंच. पुढे मराठीने तो ह सुद्धा गिळला आणि उरली सई. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या जुन्या प्राकृत कवितासंग्रहातल्या बायकाही 'सहि' अशी हाक मारूनच प्रियकराची गाऱ्हाणी सांगतात. म्हणजे हे नाव मुळात हाक मारण्यासाठीच.

शाळेत इतिहासाच्या तासाला सईबाई आल्या की वर्ग माझ्याकडे बघायचा आणि मी उगाच ताठ बसायचे. फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजी महाराजांची पहिली राणी. १६५९ च्या सप्टेंबरात राजगडावर त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे, आणि अफजलखानाची भेट दोन महिन्यांवर. हे वाचताना मात्र ताठपणा जायचा.

तेव्हा वर्गात मी एकटीच सई. कुणी "हे कसलं नाव?" म्हणालं की सई परांजप्यांकडे बोट दाखवायचं. आता सोसायटीच्या बागेत "सई, घरी चल!" ऐकू आलं की तीन मुली वळतात, चौथी मी. सई ताम्हणकरचा यात वाटा असेलच, पण दोन अक्षरी नावांची हौसही आहे. शिवाय टोपणनाव ठेवायची गरज नाही. याहून लहान काय करणार?

लखनौचे एक सहकारी मला 'सही जी' म्हणतात. सुरुवातीला मी "सही नहीं, सई" असं सांगायचे आणि ते गोंधळून विचारायचे, "क्या सही नहीं?" मग एकदा डोक्यात प्रकाश पडला, बिचारे नकळत सातवाहनांच्या काळचा उच्चार करतायत. आता टोकत नाही.

कुरिअरवाल्यालाही टोकलं नाही. सरांचं पार्सल मीच सही करून घेतलं.