बंद वाटणारे ग्राफिक्स कार्ड आणि पावसाळ्यातली बॅटरी

दापोली तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आमचे घर आहे. जुन्या कौलारू घरांचे आराखडे काढणे आणि दुरुस्तीनंतर ते घर कसे दिसेल याची त्रिमितीय चित्रे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्याकडेही कित्येक दिवस वीज नव्हती. तसे संकट रोज येत नाही. पण मुसळधार पावसात झाडाची फांदी तारांवर पडली की चार-पाच तास लाईट जाणे हे इथले नेहमीचेच आहे. घरातला इन्व्हर्टर दिवे आणि पंखे यांच्यापुरता आहे. त्यावर लॅपटॉपचा जाडजूड चार्जर लावला की रात्री पंख्याला बॅटरी उरत नाही, हे आईने दोनदा सांगितल्यावर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर किती वेळ चालतो याकडे मी गांभीर्याने पाहू लागलो.

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या चिप, आहेत. एक इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेली, आणि दुसरी एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे स्वतंत्र कार्ड. अशा रचनेला एनव्हिडियाने २०१० साली ऑप्टिमस हे नाव दिले. त्याआधीच्या काही लॅपटॉपमध्ये एका चिपवरून दुसरीवर जाण्यासाठी खरोखरची कळ असे आणि पुष्कळदा यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. ऑप्टिमसच्या रचनेत लॅपटॉपचा पडदा कायम इंटेलच्या चिपलाच जोडलेला असतो; स्वतंत्र कार्ड लागेल तेव्हा चित्र तयार करते आणि तयार झालेले चित्र इंटेलच्या स्मृतीत उतरवते. म्हणजे तत्त्वतः, मी पत्र लिहीत असेन किंवा दोन मितींतला आराखडा काढत असेन, तेव्हा त्या कार्डाला काहीच काम नसते आणि ते झोपलेले असायला हवे.

प्रत्यक्षात बॅटरी सव्वादोन तासांत संपत होती. मी विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली वापरतो. तिथे प्राइम-सिलेक्ट नावाची आज्ञा आहे, तिला इंटेल, एनव्हिडिया किंवा ऑन-डिमांड (लागेल तेव्हाच स्वतंत्र कार्ड) यांपैकी एक शब्द द्यायचा असतो. मी इंटेल निवडले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि आता स्वतंत्र कार्ड बंद झाले असे समजून निर्धास्त झालो. त्यानंतर चार दिवसांनी दुपारी लाईट गेली आणि बॅटरी पुन्हा सव्वादोन तासांतच संपली. पुण्याच्या ग्राहकाला संध्याकाळी द्यायचा आराखडा दुसऱ्या दिवशी गेला.

चिपळूणला राहणारा माझा मावसभाऊ सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. त्याला फोन केला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, “दादा, तू वॅट मोजलेस का?” मी मोजले नव्हते. मी फक्त सेटिंग पाहिली होती. माझी सगळी चूक त्या एका प्रश्नात होती, आणि पुढचे सारे काम त्या प्रश्नाच्या उत्तरातूनच झाले.

मोजण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. चार्जर काढल्यावर बॅटरीतून किती वीज बाहेर जाते आहे हे कर्नल, म्हणजे उबुंटूचा यंत्र सांभाळणारा गाभा, स्वतःच सांगतो, आणि पॉवरटॉप हा कार्यक्रम तोच आकडा वाचण्यासारखा करून दाखवतो. पडद्याचा उजेड एकाच पातळीवर ठेवायचा, सगळे कार्यक्रम बंद करायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि मग आकडा टिपायचा. उजेड बदलला तर दोन मोजण्यांची तुलनाच होत नाही, म्हणून ही शिस्त मी प्रत्येक वेळी पाळली. माझा आकडा आला १७ वॅट. बॅटरीची मूळ क्षमता ४८ वॅट-तास होती, ती वापराने ४१ वर आली आहे. ४१ भागिले १७ केले की सुमारे २.४ तास येतात. बॅटरी खराब झालेली नव्हती. रिकामे बसलेले यंत्रच १७ वॅट खात होते.

कर्नल प्रत्येक कार्डाची अवस्थाही एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. कार्ड झोपले असेल तर तिथे सस्पेंडेड असा शब्द येतो, जागे असेल तर ॲक्टिव्ह. माझ्याकडे ॲक्टिव्ह होते. इंटेल निवडल्यावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कार्यक्रम, काढला गेला होता खरा, पण माझ्या यंत्रावर त्यामुळे कार्डाला झोपवणारे कोणी उरलेच नव्हते. कार्ड काम करत नव्हते, पण त्याचा वीजपुरवठा चालू होता. न वापरलेले कार्ड आणि बंद कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळले, आणि अनेकांची बॅटरी याच गैरसमजात जात असावी असे मला वाटते.

म्हणून उलट दिशेने जावे लागले. प्राइम-सिलेक्टला ऑन-डिमांड सांगितले, म्हणजे ड्रायव्हर परत आला. जीटीएक्स १६५० हे ट्युरिंग पिढीचे कार्ड आहे. त्या पिढीपासून एनव्हिडियाचा लिनक्सवरचा ड्रायव्हर लॅपटॉपमधले कार्ड वापरात नसताना पूर्णपणे झोपवू शकतो. त्यानंतरच्या अँपिअर पिढीत हे आपोआप होते. ट्युरिंगमध्ये मात्र ड्रायव्हरच्या डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट या पर्यायाला २ हे मूल्य हाताने द्यावे लागते. त्याआधीच्या पास्कल पिढीत ही सोयच नाही, म्हणून कार्डाची पिढी आधी पाहून घ्यावी, नाहीतर दिवस फुकट जातो. मूल्य लिहिले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि तरीही अवस्था ॲक्टिव्हच.

इथे माझे दोन रविवार गेले. पहिले कारण आवाजाचे निघाले. एचडीएमआयमधून, म्हणजे बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडण्याच्या वायरीतून, आवाज पाठवण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर आवाजाचा एक वेगळा भाग असतो आणि संगणकाला तो स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतो. काही कार्डांवर यूएसबी-सीचा नियंत्रकही असाच असतो. हे सगळे सोबती झोपले तरच कार्डाची वीज तोडता येते. एक जरी जागा राहिला तरी सगळे कार्ड जागे राहते. माझ्याकडे आवाजाच्या भागाला झोपण्याची परवानगीच नव्हती. त्याच्या नियंत्रणाच्या फाइलमध्ये ऑनच्या जागी ऑटो लिहिले, आणि यंत्र सुरू होताना ते दर वेळी लिहिले जावे म्हणून एक नियम करून ठेवला.

दुसरे कारण शोधायला अधिक वेळ लागला, कारण ते मीच निर्माण करत होतो. कार्डाचे तापमान दिसावे म्हणून वरच्या पट्टीत मी एक छोटे साधन बसवले होते. ते दर दोन सेकंदांनी एनव्हिडियाच्या माहिती देणाऱ्या आज्ञेला प्रश्न विचारी, आणि ती आज्ञा उत्तर देण्यासाठी झोपलेल्या कार्डाला जागे करते. म्हणजे कार्ड झोपले का हे मी ज्या साधनाने पाहत होतो, तेच साधन त्याला झोपू देत नव्हते. कर्नलची फाइल वाचल्याने कार्ड जागे होत नाही. तपासायचे असेल तेव्हा तीच वाचावी. ते साधन मी काढून टाकले. अर्ध्या मिनिटात सस्पेंडेड हा शब्द दिसला आणि पॉवरटॉपचा आकडा ८ वॅटवर आला. आईला हाक मारून तो आकडा दाखवावासा वाटला, आणि मी तो दाखवलाही.

आराखड्याचे काम करताना आता साधारण १० वॅट लागतात, म्हणजे चार तास सहज मिळतात. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या कार्यक्रमात चित्र बनवायचे असेल तेव्हा तेवढाच कार्यक्रम स्वतंत्र कार्डावर चालवतो. तो बंद केला की कार्ड आपोआप झोपते. अंतिम चित्र मात्र मी बॅटरीवर कधीच काढत नाही. ते एकटे कार्ड पूर्ण भारावर सुमारे ५० वॅट घेऊ शकते, तेव्हा ४१ वॅट-तासांची बॅटरी तासभरही पुरणार नाही. ते काम लाईट असताना, रात्री लावून ठेवतो.

शेजारच्या नानांच्या मुलीचा लॅपटॉप विंडोजचा आहे. तिथे इतका खटाटोप लागला नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्ये, डिस्प्लेच्या सेटिंगमधील ग्राफिक्स या भागात प्रत्येक कार्यक्रमासाठी पॉवर सेव्हिंग किंवा हाय परफॉर्मन्स निवडता येते. तिचा ब्राउझर स्वतंत्र कार्डावर चालत होता. तो पॉवर सेव्हिंगवर नेला आणि टास्क मॅनेजरमध्ये दुसरे कार्ड शांत झालेले दिसले.

एक अडचण उरली आहे. माझ्या लॅपटॉपचे एचडीएमआयचे छिद्र थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेले आहे, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की कार्ड झोपत नाही, आणि ही जोडणी मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, असल्याने सेटिंगने ती बदलत नाही. म्हणून आभाळ भरून आले की मी आधी मॉनिटरची वायर काढतो, आणि ड्रायव्हरचे नवे अपडेट आले की चार्जर काढून वॅट पुन्हा मोजतो. मागच्या श्रावणात एका अपडेटनंतर ड्रायव्हरला दिलेले ते २ हे मूल्य गायब झाले होते, आणि आकडा १७ दिसल्यामुळेच ते त्याच दिवशी लक्षात आले.