उलाळ

लहानपणी मिरज स्टेशनवर उतरलं की सांगलीला मामाकडे जायला टांगा. पुढे वडील आणि ट्रंक, मागे आई आणि आम्ही भावंडं. मागे बसणाऱ्याचं तोंड कायम उलटीकडे. त्यामुळे मला सांगली येताना कधी दिसलीच नाही, मिरज लांब जाताना तेवढी दिसायची. टांगेवाल्याच्या शेजारी बसायला मिळावं एवढीच तेव्हाची इच्छा. ती पुरी व्हायला निवृत्ती उजाडावी लागली.

‘मी टांगा हाकायला शिकतोय,’ असं सांगितल्यावर विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर दोनच प्रश्न आले. शर्यतीत उतरणार काय? की वरातीच्या सुपाऱ्या घेणार? नुसतीच हौस आहे, यावर कुणाचा विश्वास बसेना. मग मी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचे यजमान पुढे केले. प्रिन्स फिलिप यांनी १९७१ मध्ये, पन्नाशीला, पोलो सोडला आणि घोडागाडी हाकायला घेतली. गाडी हाकण्याच्या या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम बसवण्यातही त्यांचाच पुढाकार होता. नव्वदी ओलांडल्यावरही गृहस्थ लगाम धरून बसत. यावर एक मित्र म्हणाला, “त्यांना पेन्शन किती होती?” तिथे विषय संपला.

माझे गुरू म्हणजे मिरजेचे एक मामू. तरुणपणी स्टँडवर टांगा चालवायचे. आता त्यांचा घोडा लग्नसराईत बग्गी ओढतो आणि एरवी माझ्यासारख्यांना सहन करतो. पहिला महिनाभर त्यांनी मला लगामाला हात लावू दिला नाही. सकाळी जायचं, लीद काढायची, खरारा करायचा, चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, थोडी थोडी करून घालायची. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान, आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून एकदम भरपूर घालणं म्हणजे पोटशुळाला आमंत्रण. मी एकदा प्रेमानं जास्तीची मूठ टाकली तेव्हा मामू म्हणाले, “सर, माया हाताला असतीया, पोटाला न्हाई.”

मग जुंपणं. पट्टे इतके की पहिल्या दिवशी मला धोतर नेसायला शिकत असल्यासारखं वाटलं. छातीवरच्या पट्ट्यानं घोडा ओढतो, आणि मांड्यांमागून जाणाऱ्या पट्ट्यानं उतारावर गाडी अडवून धरतो. मामूंच्या टांग्याला दुसरा ब्रेक नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पहिल्यांदा समोर रिक्षा आली तेव्हा माझा उजवा पाय लाकडी फळीवर जीव खाऊन दाबला गेला. घोड्याला त्याची खबरही नव्हती. मामूंनी लगाम किंचित आत घेतला, ‘होऽऽ’ म्हटलं, आणि टांगा थांबला.

पुढच्या बाकावरून रस्ता दिसेल अशी माझी लहानपणापासूनची समजूत. रस्ता कसला दिसतोय! दिसतात ते दोन कान. घोड्याच्या डोळ्यांना झापडं, तेव्हा त्याची सगळी चौकशी कानांवर चालते. एक कान पुढे आणि एक माझ्याकडे असेल तर सगळं ठीक. दोन्ही एकदम ताठ पुढे झाले की कुठंतरी प्लास्टिकची पिशवी उडते आहे. हत्तीएवढ्या ट्रकला हा प्राणी भीक घालत नाही. पिशवीला मात्र बिचकतो.

आणि लगाम. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी जागा असते, नुसती हिरडी. लोखंड तिथे बसतं. म्हणजे माझी बोटं सहा-सात फुटांवरून कुणाच्यातरी हिरडीवर. हे कळल्यावर मुठी आपोआप सैल झाल्या. छत्तीस वर्षं वर्गावर आवाज चढवून काम करून घेतलेल्या माणसाला हे जरा जडच गेलं.

फिलिपसाहेबांच्या खेळात एक फेरी असते: शंकूंच्या जोड्यांमधून गाडी न्यायची, प्रत्येक शंकूवर चेंडू, चाकांपेक्षा जागा जेमतेम वीतभर जास्त. चेंडू पडला की ३ गुण दंड. मी मैदानात उलट्या बादल्यांवर टेनिसचे चेंडू ठेवून बघितलं. पहिल्याच फेरीत बादलीच चाकाखाली गेली. “बादलीचं किती?” मामूंनी विचारलं.

त्याच दिवशी ते हळूच म्हणाले, “उद्या वहिनींना घेऊन या.” मला वाटलं, कौतुकानं बोलावतायत. दोन चाकांच्या गाडीत वजन नीट विभागावं लागतं, हे नंतर कळलं. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला काचतो. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं त्याच्या पाठीवर. आम्ही दोघं धट्टेकट्टे पुढे. मागे कुणीतरी हवंच होतं.

“म्हणजे मी पासंग,” ही म्हणाली. पण आली.

हरिपूरच्या रस्त्याला चिंचांची सावली होती. घोडा दुडक्या चालीत लागला, हात सैल होते, कान एक पुढे, एक मागे. संगमेश्वराच्या देवळाशी येईपर्यंत मी कुणाशी अक्षर बोललो नाही. उतरताना सहज डोक्याला हात लावला.

“टोपी होय?” मागून आवाज आला. “ती मघाशीच पडली, त्या मोठ्या चिंचेपाशी. मी बघत होते किती वेळ.”