हा कुठला राजा?

भाचीला घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले होते. दारातच तिनं विचारलं, "मावशी, हा कुठला राजा? तलवार आहे का त्याची?"

उभा जन्म पुण्यात काढलेल्यांचाही हा घोटाळा होतो. राजा म्हणजे दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या नावानं बापानं हा पसारा उभा केला. केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा, कविता 'अज्ञातवासी' या नावानं, आणि छंद गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचं उचलून आणायचा. वस्तू जमल्या 20,000च्या वर. मांडलेल्या असतात 2,500च्या आसपास. मुलाचं स्मारक, आणि भरलेलं परक्यांच्या संसारानं!

भाची तलवारींकडे पळाली, मी अडकून पडले वज्र्यांपाशी. वज्री म्हणजे टाचा घासायची, पितळेची, खालून खरखरीत. वर मात्र मोर नाहीतर हत्ती. शेजारी अडकित्ते, तेही नटलेले. सुपारी कातरायला एवढा थाट कशाला, पण होता खरा.

पाहता पाहता वाटलं, आणखी शंभर वर्षांनी कुणी म्हणेल, इकडच्या बायका मोरानं टाचा घासायच्या. आमची आजी विटेच्या तुकड्यानं घासायची. तो तुकडा कोण जपणार? ज्याच्यावर नक्षी होती ते काचेत आलं, साधं होतं ते झिजून नाहीतर मोडीत गेलं. यात केळकरांना बोल लावायचा नाही; त्यांनी उचललं नसतं तर मोरही वितळले असते.

मस्तानी महालही असाच, कोथरूडहून सुटा करून आणून इथं जोडलेला. मस्तानी म्हटलं की मला आता शनिवारवाडा आठवतच नाही, ही खोलीच दिसते.

बाहेर आल्यावर राहवेना. आईला फोन लावला. "आजीचा तो लोखंडी अडकित्ता कुठंय गं?"

"तो होय? भांडीवालीला दिला केव्हाच. त्याच्यावर स्टीलची चाळणी आली. चाळणी आहे अजून. हवी का?"