तुम्ही विचारलंत म्हणून : व्हेर्दीच्या ‘रेक्विएम’चे कोणते रेकॉर्डिंग घ्यावे?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातला ‘दिएस इरे’ या भागाचा, म्हणजे कयामतीच्या दिवसाचा, तो गडगडाट कुठेतरी ऐकलेला असतो आणि तो सर्वांत दणदणीत कुठे वाजला आहे, एवढेच त्याला हवे असते. माझे मत उलटे आहे. तो मोठा ढोल बऱ्यापैकी कोणत्याही रेकॉर्डिंगमध्ये अंगावर येतोच. पारख करायची ती हळू जागांवरून.

इटालियन लेखक मान्झोनी यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, 22 मे 1874 रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये ही रचना प्रथम सादर झाली. सुरुवात आवाज दाबलेल्या चेलो या खर्जातल्या तंतुवाद्यांनी होते, तीही इतकी हळू की डोक्यावर पंखा फिरत असेल तर काही ऐकूच येत नाही. म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि थोड्याच वेळात शेजारी दार वाजवतात.

मी आधी यातला ‘आन्यूस देई’ हा भाग लावून बघतो. तिथे सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाची गायिका) आणि मेझो-सोप्रानो (तिच्याहून थोड्या खालच्या आवाजाची) या दोघी वाद्यांच्या साथीशिवाय एकच चाल सप्तकाच्या अंतराने गातात, त्यामुळे सुरातला केसभर फरकही लपत नाही, आणि आपापला आवाज मिरवणाऱ्या दोन मोठ्या गायिका इथे हमखास उघड्या पडतात. त्यानंतर शेवटच्या ‘लिबेरा मे’मध्ये सोप्रानोला वरच्या सप्तकातला एक स्वर अत्यंत हळू धरायचा असतो, तो नुसता बारीक होऊन चालत नाही, त्यात जीव राहावा लागतो.

या कसोटीवर मी वाद्यवृंद-संचालक कार्लो मारिया ज्युलिनी यांचे लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरचे 1963-64चे रेकॉर्डिंग सुचवतो. सोप्रानो श्वार्ट्झकोफ आणि मेझो लुडविग तिथे खरोखरच एकमेकींना ऐकत गातात. मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी थोडा घुसमटतो, हे मान्य. तेवढेच खटकत असेल तर संचालक शोल्टींचे व्हिएन्नातले 1967चे घ्यावे, त्यात तरुण गायक पाव्हारोत्तीही आहेत. आणखी एक संचालक तोस्कानिनी यांचे 1951चे मोनो रेकॉर्डिंग मी पहिले म्हणून देणार नाही, पण त्यातला ताण नंतर जरूर अनुभवावा.

अ‍ॅपवर ऐकणार असाल तर दोन ट्रॅकमधली खंड पाडणारी सेटिंग आधी बंद करा, कारण ‘दिएस इरे’चे विभाग एकमेकांत सलग मिसळतात.