घाटातल्या पायऱ्या

परवा चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात चहाला थांबलो तर भाचा विचारतो, मामा, ह्या डोंगराला पायऱ्या कुणी पाडल्या? म्हटलं अरे हा सगळा थरावर थर थिजलेला लाव्हा आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा आपली प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो पृथ्वीच्या वरच्या कडक थराचा तुकडा, रियुनियनच्या हॉटस्पॉटवरून चालली होती. रियुनियन हे हिंदी महासागरातलं बेट, आणि हॉटस्पॉट म्हणजे खोलातून तापलेला खडक वर येतो ती जागा. रस्त्याकडेचा एक खडा उचलून दाखवला, त्यात बारीक भोकं, काहींत पांढरं काहीतरी भरलेलं. गॅसचे बुडबुडे होते ते!

लगेच पुढचा प्रश्न, म्हणजे खाली सगळा लाव्हाच का?

नाही रे बाबा. शाळेत मलाही असंच वाटायचं. कवचाखालचं प्रावरण 2900 किमी खोलपर्यंत जातं आणि ते जवळपास सगळं घनच आहे, पण डांबराच्या गोळ्यासारखं, हातोडा मारला तर फुटणार आणि नुसतं ठेवलं तर हळूहळू पसरणार. त्यावरून प्लेटा सरकतात, आणि त्यांना मुख्य ओढ असते ती समुद्रतळाच्या जुन्या, थंड, जड कडेची, ती खाली बुडते आणि टेबलावरून घसरणाऱ्या चादरीसारखी मागचं सगळं ओढून नेते. आपली प्लेट अजूनही वर्षाला 5 सेमीच्या आसपास उत्तरेला सरकतेय, म्हणजे नखं वाढतात त्याच्यापेक्षा थोडं जास्त.

भूकंप बहुतेक प्लेटांच्या कडेला होतात, कोयनेचं मात्र वेगळंच. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप प्लेटच्या कडेपासून लांब, आणि बहुतेकजण बोट दाखवतात धरणाच्या पाण्याकडे. तिथे 3 किमी खोल बोअर मारलंय, सव्वा किलोमीटर काळा दगड संपला की खाली ग्रॅनाइट. भाच्याला बोअर बघायचंच होतं, पण भजी आली.